साठ वर्षांनी परत आलेला पुतण्या

लाओसच्या इतिहासाबद्दल कुठेही थोडंफार वाचायला घेतलं की एक गोष्ट हमखास भेटते. राजा मोठा न्यायी होता. त्याच्या एकुलत्या एका मुलाने राजवाड्यातल्या हुजऱ्यांच्या प्रमुखाच्या बायकोशी संबंध ठेवले. दरबाराने देहान्ताची शिक्षा सुनावली आणि बापाने ती माफ केली नाही. पुढे राजा म्हातारा होऊन गेला, गादीला वारस उरला नाही आणि साडेतीनशे वर्षांचं राज्य फुटलं.

गोष्ट गोळीबंद आहे. करारी बाप, वाया गेलेला मुलगा, बुडालेलं राज्य, सगळं जागच्या जागी. फक्त वारस उरला नाही हे त्यातलं वाक्य खोटं आहे. राजा वारला तेव्हा मारलेल्या मुलाचे दोन मुलगे हयात होते. राजाची मुलगी होती आणि तिच्या पोटी मूल येणार होतं. परदेशात वाढलेला एक पुतण्याही होता. वारस नको तितके होते. त्यांच्यातला नेमका कोणता, हे सांगणारा नियम मात्र नव्हता आणि साडेतीनशे वर्षांत तो कोणी केलाही नव्हता. मुलाच्या शिक्षेवर सगळा दोष ढकलणं मला म्हणूनच पटत नाही. १६९४-९५च्या सुमारास जे फुटलं त्याची वात १६३७मध्येच पेटवून ठेवलेली होती.

या राजाचं नाव सुलिन्यावोंगसा. लाओ उच्चारात संस्कृत नावांची इतकी मोडतोड होते की ओळख पटायला वेळ लागतो, पण हे नाव म्हणजे आपला ‘सूर्यवंश’. राज्याचं नाव लान सांग होम खाव, म्हणजे दहा लाख हत्ती आणि पांढरं छत्र. लाओ बखरींतल्या तारखा एकमेकींशी वर्ष-दोन वर्षांनी पुढेमागे होतात, त्यामुळे या लेखातली काही सालं ‘सुमारास’ धरून वाचावीत.

पहिला राजाच मुळात परत आलेला

१३५३ साली फा न्गुमने हे राज्य उभं केलं ते मेकाँगच्या काठी, आज ज्याला लुआंग प्राबांग म्हणतात तिथे. तो त्या गावचाच राजपुत्र, पण वाढला ख्मेर राजधानी अंगकोरमध्ये. बखर सांगते की त्याच्या बापाने आजोबाच्या जनानखान्यातल्या एका स्त्रीशी संबंध ठेवले, म्हणून आजोबाने बापलेकांना हाकलून दिलं. अंगकोरच्या दरबाराने मुलाला सांभाळलं, राजकन्या दिली आणि पुढे फौजही दिली. ती फौज घेऊन तो उत्तरेला चढत गेला, वाटेतले मुलूख घेतले आणि आपल्याच घरच्यांना हरवून गादीवर बसला.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. राजवाड्यातलं बाईचं प्रकरण, हद्दपारी, शेजारच्या दरबारात आसरा आणि मग उसन्या फौजेनिशी परत येणं. लान सांग जन्मालाच असं आलं.

आणि ज्याने राज्य उभं केलं त्याचा शेवट काय? सततच्या लढायांना आणि दरबाऱ्यांच्या बायकामुलींवर हात टाकण्याला कंटाळून सरदारांनी १३७२-७३च्या सुमारास त्यालाच हाकलून लावलं. तो शेजारच्या नानच्या राज्यात जाऊन मेला. गादी त्याच्या मुलाला दिली. या मुलाने पुरुषांची शिरगणती केली, तीन लाख ताई, म्हणजे लाओ-थाई वंशाचे पुरुष, भरले, म्हणून त्याचं नावच साम सेन थाई पडलं, म्हणजे तीन लाख ताईंचा राजा. त्याने चाळीसेक वर्षं शांतपणे राज्य केलं.

गादी सरदारांनी ‘दिली’, हा शब्द मी मुद्दाम वापरला. थोरल्याला गादी, असा काही दंडक नव्हता. राजघराण्याचं रक्त हवं एवढं मात्र पक्कं. त्यापुढे थोरले दरबारी आणि वजनदार भिक्षू ज्याच्या नावावर एकत्र येतील तो राजा. उपराज होता, त्याला लाओमध्ये उपाहात म्हणतात. त्याखाली रात्सावोंग आणि रात्साबुत ही पदं पुढे आली, म्हणजे राजवंश आणि राजपुत्र. पण उपराज झाला म्हणजे उद्याचा राजा ठरला, असं नव्हतं.

त्यात भर राजाच्या अनेक राण्यांची. प्रत्येक राणी म्हणजे एखाद्या मुआंगशी, म्हणजे एखाद्या संस्थानाशी, केलेला तह. म्हणजे प्रत्येक राजपुत्रामागे त्याचं आजोळ उभं. गादीचं भांडण भावाभावांचं दिसायचं, पण बरेचदा ते एका आजोळाचं दुसऱ्या आजोळाशी असायचं. भाऊबंदकीला असा फौजफाटा मिळाला की तिचं काय होतं ते १४२८ ते १४३८ या दहा वर्षांत दिसलं. महादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका राजस्त्रीच्या इशाऱ्यावर सात राजे बसवले आणि उठवले गेले, बहुतेक जण जिवानिशी. अखेर दरबाऱ्यांनी तिलाच मारलं. त्यानंतर काही वर्षं गादी रिकामी ठेवून भिक्षू आणि सरदारांनी मिळून कारभार पाहिला. राजाशिवाय चाललं, असंही म्हणता येईल.

मधली शंभरेक वर्षं भराभर ओलांडतो. फोथिसारात हा राजा परदेशी वकिलांसमोर हत्ती हाताळण्याचं कसब दाखवताना हत्ती अंगावर कोसळून १५४७-४८च्या सुमारास गेला. त्याचा मुलगा सेत्थाथिरात तेव्हा शेजारच्या चियांग माईच्या गादीवर होता. तो तिथला पाचूचा बुद्ध बरोबर घेऊन धावत परतला आणि भावांना मागे सारून राजा झाला. ब्रह्मदेशाच्या धाकाने त्याने राजधानी दक्षिणेला विएन्तियानला नेली आणि १५६६मध्ये थात लुआंगचा स्तूप उभारला. १५७१मध्ये दक्षिणेतल्या मोहिमेवर तो नाहीसाच झाला. मागे तान्हा मुलगा. त्या तान्ह्याच्या आईकडच्या आजोबाने, जो राजरक्ताचा नव्हताच, आधी पालक म्हणून आणि मग राजा म्हणून गादी घेतली. ब्रह्मी फौजा आल्या आणि ते मूल त्यांच्या राजधानीत ओलीस गेलं. १५९१मध्ये भिक्षूंनी जाऊन मागणी केली तेव्हा कुठे ते, आता वीस वर्षांचं झालेलं, परत आलं. पुढे १६२२मध्ये त्याच्यानंतरच्या राजाविरुद्ध त्याचाच मुलगा उठला आणि त्यानंतरच्या पंधरा वर्षांत चार-पाच राजे होऊन गेले.

१६३७चा तोडगा

अशा दरबारात १६३७-३८मध्ये पुन्हा गादी रिकामी झाली. दावेदार पाच, सगळे सख्खे-चुलत भाऊ. त्यातला सुलिन्यावोंगसा निवडून आला. तो विशीच्या आसपासचा होता.

पहिलं काम त्याने उरलेल्या चौघांचं केलं. त्यांना मारलं मात्र नाही. दूर केलं. एक भाऊ चीवर घालून मठात गेला. दुसरा, सोमफू, डोंगर ओलांडून व्हिएतनामी मुलखात हुएला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. चुलत भाऊही राजधानीपासून लांब गेले. त्या काळच्या मानाने हे दयाळूपणाचंच. ब्रह्मदेशात किंवा सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, असते तर त्यातल्या काहींना मखमली पोत्यात घालून चंदनाच्या दांड्याने मारलं असतं, म्हणजे राजरक्त जमिनीवर सांडायला नको.

दरबारापुरता प्रश्न सुटला. पण हद्दपार केलेला राजपुत्र संपत नाही. शेजारी त्याला पोसतो, त्याचं लग्न लावतो, त्याच्या मुलाला आपल्या दरबारी रीतीत वाढवतो आणि वाट पाहतो. सोमफूला हुएमध्ये मुलगा झाला. त्याचं नावच लाओ लोकांनी पुढे साय ओंग हुए ठेवलं, हुएचा साय.

तोवर विएन्तियानमध्ये सगळं उत्तम चाललं होतं. इतकं उत्तम की लाओ माणूस आजही त्या काळाला सुवर्णयुग म्हणतो. १६४१मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी खेरिट फान वाउस्टॉफ लाख आणि लोबान यांच्या शोधात मेकाँगमधून उलट्या प्रवाहाने नावा ओढत विएन्तियानला पोचला. थात लुआंगच्या मैदानात त्याची भेट ठरली. त्याने लिहून ठेवलंय की राजा हत्तीवरून आला, वय तेवीसच्या आसपास दिसत होतं. पुढे भाले आणि बंदुका घेतलेले तीनेकशे शिपाई, मागे हत्यारबंद माणसांचे हत्ती, वाजंत्री आणि सगळ्यांत शेवटी राजाच्या पाच राण्या आणि त्यांचा गोतावळा घेऊन चाललेले सोळा हत्ती. पुढच्या वर्षी इटालियन जेझुइट पाद्री लेरिया आला, पाच वर्षं राहिला आणि बौद्ध मठांच्या वजनापुढे त्याची डाळ शिजली नाही.

शेजाऱ्यांशी केलेली हद्दबंदी तर बघण्यासारखी. व्हिएतनामशी सीमा कशी ठरवली? ज्यांची घरं खांबांवर उचललेली, ओसरी असलेली, ते लान सांगचे. ज्यांची घरं थेट जमिनीवर बांधलेली, ते व्हिएतनामचे. डोंगरात दगड पुरत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. माणूस कोणाचा हे त्याच्या घराखाली डोकावून ठरवायचं! तिथल्या ले राजघराण्याशी सोयरीकही झाली. फक्त मुआंग फुआन या शेजारच्या संस्थानाच्या राजाने मुलगी द्यायला नकार दिला म्हणून १६५१मध्ये त्याच्यावर फौज पाठवली आणि ते संस्थान कायमचं दुखावून ठेवलं.

इतक्या चतुर राजाने गादीची हद्द मात्र आखली नाही. सत्तावन्न वर्षं मिळाली होती.

मुलगा

युवराजाच्या शिक्षेचा निकाल दरबाराने दिला. राजाच्या हातात माफी होती आणि ती त्याने दिली नाही. आता हे नीट बघितलं तर दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे हुजऱ्यांचा प्रमुख हा कोणी लहान माणूस नव्हता. राजवाड्याच्या आतल्या चौकीची जबाबदारी असलेला, सरदार घराण्यातला. त्याच्या घरावर हात टाकणाऱ्या राजपुत्राला सोडलं असतं तर फा न्गुमला ज्या कारणाने हाकललं तेच कारण पुन्हा उभं राहिलं असतं. राजाला हे ठाऊक असणारच. त्यामुळे ‘कठोर न्याय’ म्हणून ज्याचं कौतुक होतं त्यात हिशोबाचाही भाग असावा, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलगा गेला तरी त्याचे दोन मुलगे होते, किंगकित्सारात आणि इंथासोम. त्यातल्या एकाला उपराज करून, दरबारातल्या दोन-तीन थोरल्यांना त्याचे पालक नेमून, भिक्षूंसमोर शपथा घेववता आल्या असत्या. तसं झालं नाही. का? अंदाज करायचा तर सत्तावन्न वर्षांत राजाच्या पिढीचे सगळे पिकले होते, आणि उपराज नेमणं म्हणजे आपल्या हयातीत दुसरा दरबार भरवणं, याची प्रत्येक म्हाताऱ्या राजाला धास्ती असते.

राजा गेल्यावर

विएन्तियानचा सुभेदार हाच सेनापती, आणि राजा गेला की नवा ठरेपर्यंत कारभार त्याच्याच हाती. तेव्हा त्या जागी तियान थाला होता. किल्ल्या त्याच्याकडे आपसूकच आल्या, त्याने त्या परत दिल्या नाहीत, एवढंच. नातू लहान आहेत हे कारण तयार होतं. पण त्याच्या अंगात राजरक्त नव्हतं आणि ते मिळवण्याची वाट एकच, सोयरीक. दक्षिणेतल्या चंपासाकच्या बखरीनुसार त्याने राजाची मुलगी सुमंगला हिला मागणी घातली. ती गरोदर होती, तिने नकार दिला आणि प्रा ख्रू फोन्सामेक या भिक्षूच्या आसऱ्याने दक्षिणेला निघून गेली. परंपरा सांगते की भिक्षूबरोबर तीनेक हजार माणसं नावांतून निघाली. वाटेत त्यांनी थात फानोमच्या स्तूपाची डागडुजीही केली.

तियान थाला काही महिन्यांतच संपला. मग नान थारात म्हणून एक जण आला, तो तीन वर्षं टिकला. आणि १६९८मध्ये डोंगरापलीकडून व्हिएतनामी फौज घेऊन साय ओंग हुए उतरला. बाप हद्दपार होऊन साठ वर्षं झाली होती. विएन्तियान त्याने जन्मापासून फक्त ऐकलेलं. त्याने ते घेतलं आणि सेत्थाथिरात दुसरा म्हणून राज्य सुरू केलं.

फा न्गुमची गोष्ट पुन्हा तशीच घडली होती, फक्त अंगकोरच्या जागी हुए.

दोन्ही नातू लुआंग प्राबांगहून उत्तरेला, आजच्या दक्षिण चीनमधल्या सिप्सोंग पन्ना राज्यातल्या नातलगांकडे पळाले. नव्या राजाने १७०५मध्ये लुआंग प्राबांगहून एक मूर्ती विएन्तियानला आणवली. तिचं नाव फ्राबांग. उभा बुद्ध, उंची जेमतेम ८३ सेंटिमीटर, दोन्ही तळवे समोर धरलेले, अभयमुद्रेत. फा न्गुमच्या काळात अंगकोरहून आली असं मानतात, आणि जिच्या छत्राखाली ती असेल ती गादी खरी, अशी समजूत. लुआंग प्राबांग शहराचं नाव तिच्यावरूनच. म्हणजे सात-बारा घरातून उचलून नेण्यासारखंच हे. नातवांनी सिप्सोंग पन्नाची फौज जमवली आणि १७०६-०७मध्ये लुआंग प्राबांग परत घेतलं. ते विएन्तियानकडे निघाले तेव्हा सयामची राजधानी आयुथ्या, तिथल्या राजाने मध्ये पडून वाटणी करून दिली. उत्तरेत किंगकित्सारात, विएन्तियानमध्ये साय ओंग हुए.

मध्यस्थाने दोघांतली फूट मिटवली नाही, ती कागदावर आणली. दोन लहान लाओ राज्यं एका मोठ्यापेक्षा आयुथ्याला सोयीची होती, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा तुकडा १७१३मध्ये पडला. दक्षिणेत चंपासाकच्या भागावर नांग फेंग नावाची स्त्री कारभार पाहत होती आणि तिने तो फोन्सामेक भिक्षूवर सोपवला होता. चिवरातल्या माणसाने चोर-दरोडेखोरांना शिक्षा कशी द्यायची, ही अडचण. मग सुमंगलेचा मुलगा नोकासात याला आणून त्याने सोयसिसामुत या नावाने गादीवर बसवलं. पोटातलं ते मूल आता राजा होतं.

त्याच साली किंगकित्सारात वारला आणि लुआंग प्राबांगमध्ये पुन्हा पहिले पाढे. त्याचा नातलग ओंग खाम गादीवर बसला. एकदा तो शिकारीला गेलेला असताना इंथासोमने शहराचे दरवाजे आतून लावून घेतले. ओंग खाम बाहेर राहिला, भिक्षू झाला आणि पुढे चक्क चियांग माईचा राजा झाला! हे १७२३चं.

कुठे वळण घेता आलं असतं

दोन जागा मला दिसतात. एक १६३७ची. सोमफूला हुएला जाऊ देण्याऐवजी एखाद्या लांबच्या मुआंगचा अधिकारी करून आपल्याच मुलखात ठेवलं असतं, त्याच्या मुलाचं लग्न आपल्या घरात लावलं असतं, तर त्याचा मुलगा व्हिएतनामी फौजेचा नसता झाला. जोखीम होतीच, पण घरातली भाऊबंदकी परक्याच्या फौजेपेक्षा स्वस्त पडते. दुसरी जागा युवराजाच्या मृत्यूनंतरची, जिच्याबद्दल वर लिहिलंच. सुभेदाराच्या हातात सेनापतीपद आणि राजा नसतानाचा कारभार दोन्ही ठेवणं ही तर उघड चूक. तियान थालाच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने बहुतेक तेच केलं असतं.

युवराजाला माफ केलं असतं तर? साय ओंग हुए तरीही हुएमध्येच होता आणि त्याचे पोशिंदेही.

तिन्ही राज्यांनी पुढे एकमेकांविरुद्ध बाहेरच्यांना बोलावण्याची सवय सोडली नाही. १७७८-७९मध्ये सयामी फौजांनी विएन्तियान घेतलं तेव्हा लुआंग प्राबांगची माणसं त्यांच्या बाजूने लढत होती. पाचूचा बुद्ध आणि फ्राबांग, दोन्ही मूर्ती सयामला गेल्या. फ्राबांग १७८२मध्ये विएन्तियानला परत आली. १८२७मध्ये विएन्तियानचा राजा आनुवोंग सयामविरुद्ध उठला, हरला. शहर जाळून ओस पाडलं, राजा बँकॉकमध्ये पिंजऱ्यात मेला, ती शाखा संपली आणि फ्राबांग पुन्हा बँकॉकला. १८६७मध्ये ती लुआंग प्राबांगला परत मिळाली. पाचूचा बुद्ध अजून बँकॉकलाच आहे.

पुढे फ्रेंच आले. लुआंग प्राबांगचं घराणं त्यांनी राखलं आणि चंपासाकच्या घराण्याला अधिकाऱ्याच्या खुर्चीवर आणलं. १९४६मध्ये लाओसचं एकच राज्य करायचं ठरलं तेव्हा चंपासाकचा राजपुत्र बुन ऊम याला आपल्या गादीवरचा हक्क सोडावा लागला. बदल्यात त्याला राज्याचं महानिरीक्षकपद तहहयात मिळालं. १७१३ची वाटणी मिटवायला २३३ वर्षं लागली.

शेवटचा राजा सावांग वत्थना १९५९मध्ये गादीवर आला. युद्धामुळे त्याचा राज्याभिषेक कधी झालाच नाही. १९७५च्या डिसेंबरात राजेशाही संपली, १९७७मध्ये त्याला ईशान्येकडच्या डोंगरातल्या छावणीत नेलं आणि तो परत आला नाही.

राजवाड्याचं आता संग्रहालय आहे. फ्राबांग त्याच आवारातल्या देवळात आहे. दर एप्रिलमध्ये लाओ नववर्षाला तिला पालखीतून शेजारच्या वात माईमध्ये नेतात, अंगणात मांडव घालून ठेवतात आणि नागाच्या आकाराच्या लाकडी पन्हळीतून लोक तिच्यावर सुगंधी पाणी सोडतात. पूर्वी पहिलं पाणी राजाचं असायचं.